उघडा राहिलेला शेरा

वागळे इस्टेटमधली ती नोकरी लागली तर आपल्या पदरात काय पडेल, हे नीला टिपणीसने बसथांब्यावर उभ्याउभ्या मोजून टाकलं होतं. एसीची खोली, म्हणजे ऑक्टोबर सुसह्य. ‘टेक्निकल रायटर’ असं पद, जे डोंबिवलीत कुणालाच माहीत नसल्यामुळे त्याला नाक मुरडायचीही कुणाला सोय नव्हती. पण खरा लाभ शुक्रवारचा. इस्टेटीला सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी बाबा मंत्रालयात, आई शाळेत, भाऊ कॉलेजात. दोन खोल्यांच्या घरात नऊ ते तीन ती एकटी. तेवीस वर्षांच्या आयुष्यात तिला एक सबंध खोली सलग सहा तास कधी मिळालेली नव्हती. त्यासाठी ती कुठल्याही विषयावर काहीही लिहायला तयार होती.

सप्टेंबर नव्वद. मुलाखत नुकतीच आटोपलेली. ‘प्रभात कंट्रोल्स’चे मालक श्रीपाद दामले यांनी तिच्या हातात कागदांचा एक गठ्ठा दिला होता. “हे आमचं मॅन्युअल. वाचून कुणाला काही कळत नाही. तुम्हाला काय काय कळत नाही, ते सोमवारी येऊन सांगा,” असं म्हणून.

कागद कॉम्प्युटरचा होता. सलग, घडीवर घडी घातलेला, दोन्ही कडांना भोकांची रांग. शेजारून एक ट्रक गेला, वारा आला, आणि पहिलं पान नीलाच्या हातात ठेवून बाकीची साठ पानं रस्त्याने चालू लागली. साडी वाळत घालावी तसा तो पट्टा फुटपाथभर पसरत गेला आणि दूर उभ्या असलेल्या एका माणसाच्या चपलेपाशी थांबला.

माणसाने वाकून टोक उचललं.

“ओढू नका,” तो तिथूनच म्हणाला. “टरकेल. मी येतो घड्या घालत.”

आणि तो आला. एक घडी, एक पाऊल. मोठी चादर दोघांनी मिळून आवरावी तसं. नीलाही आपल्या बाजूने घड्या घालत पुढे सरकत होती, कारण नुसतं उभं राहणं बरं दिसलं नसतं. प्रत्येक घडीला दोघांमधलं अंतर एका पानाने कमी होत होतं. सावळा, उंच, शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. घड्या घालता घालता तो वाचतही होता, हे तिला जरा उद्धटपणाचं वाटलं.

“बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहिणं येतं का तुम्हाला?” त्याने विचारलं.

“मला येतं. हे लिहिणाऱ्याचं माहीत नाही.”

“का? काय केलं त्याने?”

“बेसिकचा नमुना पान नऊवर. तेच काम पास्कलमध्ये कसं करायचं, ते पान चाळीसवर. आणि सीमध्ये हवं असेल तर... हे बघा, इथे. ‘सुज्ञ वाचकाने स्वतः लिहून घ्यावे.’”

“लिहील की. सुज्ञ आहे ना तो?”

“ज्याने हे लिहिलंय, त्याला आयुष्यात कुणी पत्ता विचारला नसेल,” नीला म्हणाली. “किंवा विचारला असेल, तर तो माणूस अजून फिरत असेल.”

तो हसला. आवाज न करता, नुसता खांद्यांनी. शेवटचं पान उरलं तेव्हा त्याची बोटं कागदाच्या एका कडेला होती आणि तिची दुसऱ्या. मध्ये फक्त नऊ इंच.

“सोमवारी हेच सांगा साहेबांना,” तो गठ्ठा तिच्याकडे देत म्हणाला. “अगदी असंच.”

“तुम्हाला सोमवारचं कसं —”

पण बस आली, आणि तो तिच्यात चढला नाही.

सोमवारी कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढून नीला आत गेली, तेव्हा श्रीपाद साहेब म्हणाले, “हे परशुराम तरे. कार्डाचे सगळे प्रोग्रॅम यांचे. मॅन्युअलही यांनीच लिहिलंय.”

परशुराम अनवाणी, हात बांधून उभा होता. “सांगा ना,” तो म्हणाला. “तो पत्त्याचा मुद्दा चांगला होता.”

नीलाने सांगितला. कानांची टोकं लाल झाली, पण एक शब्द कमी केला नाही. साहेबांनी तिला तिथल्या तिथे सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. मार्चअखेर काम पसंत पडलं तर कायम.

*

कार्ड म्हणजे हिरवी पट्टी, कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची. ती आठ ठिकाणचं तापमान वाचायची आणि जास्त झालं की हीटर बंद करून भोंगा वाजवायची. रंगवाले, डेअरीवाले, औषधवाले ती घ्यायचे. पण तिला काम सांगणारा प्रोग्रॅम ज्याचा त्याने लिहायचा, आणि ज्याची त्याची भाषा वेगळी. कुणी बेसिकवाला, कुणी पास्कलवाला, कुणी सीवाला. बेसिकवाला चुकून पास्कलच्या पानावरून दोन ओळी उतरवायचा आणि मग कार्ड बिघडलंय म्हणून ठाण्याला फोन करायचा.

नीलाने आठव्या दिवशी एक पान साहेबांपुढे ठेवलं. तीन रकाने शेजारीशेजारी. डावीकडे बेसिक, मध्ये पास्कल, उजवीकडे सी. एका आडव्या ओळीत एकच काम, तिन्ही भाषांत.

“पसंत,” साहेब म्हणाले आणि फोनकडे वळले.

परशुरामला पसंत नव्हतं. तो पान घेऊन तिच्या टेबलापाशी आला.

“एका रकान्यात अक्षरं किती मावणार?”

“चोवीस.”

“चोवीस? माझी एकेक ओळ चाळीसची आहे.”

“तोडा.”

“तुमच्या रकान्यासाठी मी माझी ओळ तोडू?”

“ओळ तुमची असेल. पान माझं आहे.”

त्याने पान पुन्हा पाहिलं. “आणि हे बघा. पास्कलला जे करायला पाच ओळी लागतात, ते सी दोन ओळींत करते. मग उरलेल्या तीन ओळी तिने काय करायचं? उगाच उभं राहायचं?”

“बाकीचे येईपर्यंत थांबायचं,” नीला म्हणाली. “आमच्याकडे जेवायला बसल्यावर असंच असतं.”

“आमच्याकडे जो पहिला येतो तो पहिला खातो.”

“म्हणून मॅन्युअल तसं झालं होतं.”

टेलिफोनच्या बोर्डवर बसणारी रतन हे ऐकत होती. रतनचं लग्न होऊन अकरा वर्षं झालेली, दोन मुलं, आणि इस्टेटीतल्या निम्म्या कंपन्यांच्या बातम्या तिच्या कानात. ती नीलाला जेवताना म्हणाली, “भांडतोय चांगला. मागच्या टायपिस्टशी तर बोललाही नव्हता.”

शेवटी तोडगा निघाला तो असा. सीच्या रकान्यात ज्या ओळी मोकळ्या राहतील, तिथे परशुरामने शेरे लिहायचे. शेरा म्हणजे माणसासाठी लिहिलेली टीप. यंत्र ती वाचत नाही, नुसतं ओलांडून पुढे जातं. तिन्ही भाषांच्या शेऱ्याच्या रीती निराळ्या. बेसिकमध्ये ओळीच्या सुरुवातीला ‘रेम’ लिहिलं की ती ओळ शेऱ्याची, आणि ओळ संपली की शेराही संपला. पास्कलमध्ये महिरपी कंस. आणि सीमध्ये शेरा उघडायचा तो तिरपी रेघ आणि चांदणी घालून, मिटायचा तो आधी चांदणी आणि मग रेघ. नीला त्याला ‘रेघ-चांदणी’ म्हणायची. परशुरामने आधी नाक मुरडलं, मग आठवड्याभरात तोही म्हणू लागला.

फ्लॉपी त्याच्या टेबलावरून तिच्या टेबलावर जायची, संध्याकाळी परत यायची. पहिल्या फ्लॉपीत शेरे होते ते असे: ‘इथे तापमान वाचतो.’ ‘इथे हीटर बंद.’ इंग्रजी अक्षरांत मराठी, कारण त्या कॉम्प्युटरला देवनागरी येत नव्हती. तिसऱ्या फ्लॉपीत, दोन कामाच्या शेऱ्यांच्या मध्ये, एक होता: ‘ही ओळ तोडताना दुखलं.’

नीलाने तो वाचला. पुसला नाही. बेसिकच्या रकान्यात, ‘रेम’ घालून, खाली लिहिलं: ‘फुंकर घालू का.’

मग ते सुरूच झालं. समोरासमोर दोघं ‘तुम्ही, आम्ही’ करत पानाच्या क्रमांकांवर भांडायचे आणि फ्लॉपीत ‘तू’. तोंडाने स्वतःबद्दल चार शब्द न बोलणारा परशुराम चोवीस अक्षरांत मात्र बरंच बोलायचा. ‘पिवळा रंग शोभतो.’ ‘डब्यात काय होतं? वास आला.’ ‘काल खाडीला उधाण.’ नीला उत्तरं द्यायची ती थोडी चढ्या भावाने. ‘वास घेणं कामात बसतं?’ ‘उधाण म्हणजे सुट्टी का?’

असं करत तिला कळलं की तो डोंबिवलीजवळच्या कोपर गावचा. घर खाडीला लागून. वडील दामाजी होडी चालवायचे, आता नाहीत. आई मासळी विकते. ट्रान्झिस्टर उघडून पाहायच्या नादात तो डिप्लोमापर्यंत पोचला. त्यालाही कळलं की नीलाचे शुक्रवार कसे जातात. पंखा पाचवर, पाय खिडकीत, हातात पुस्तक, आणि कुणी हाक मारायला नाही.

‘एक शुक्रवार उसना देशील?’ असं त्याने एकदा लिहिलं होतं.

‘व्याज परवडणार नाही,’ असं तिने.

दर आठवड्याला, पानं पक्की करताना, नीला एकेक खासगी शेरा पुसून त्या जागी कामाचा शेरा भरायची. ओळी कमी-जास्त झाल्या की तिन्ही रकान्यांचा मेळ बिघडणार, म्हणून पुसलेल्या जागी काहीतरी ठेवणं भाग असायचं. पण पुसण्याआधी ती फाईलची एक प्रत वेगळ्या फ्लॉपीवर काढून घ्यायची. त्या फ्लॉपीवर तिने ‘जुनं’ असं लिहिलं होतं, म्हणजे कुणी उघडणार नाही.

*

नोव्हेंबरच्या अठ्ठावीस तारखेला छापखान्याचा माणूस येऊन बाहेर बसला. तीनशे प्रतींचं काम, मूळ पानं आजच हवी. शेवटचं प्रकरण परशुरामने सकाळी तपासून दिलं होतं. प्रोग्रॅम चालवून पाहिला, हीटर बंद झाला, भोंगा वाजला. फ्लॉपी तिच्या टेबलावर ठेवून तो ज्या घाईने खाली सोल्डरिंगकडे गेला, त्यावरूनच नीलाने ओळखायला हवं होतं.

दहाव्या ओळीत, सीच्या रकान्यात: ‘शुक्रवारी कोपरला.’

चोवीस अक्षरं संपल्यामुळे पुढचं अकराव्या ओळीत: ‘येशील? आईला भेटायला.’ आणि त्यापुढे चांदणी, रेघ.

नीलाने ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचण्याआधी नेहमीसारखी ‘जुनं’वर प्रत काढून घेतली.

डब्याच्या वासावर विनोद करणं निराळं आणि आईला भेटणं निराळं. हो म्हटलं तर घरी काय होईल, हे तिला ठाऊक होतं: बाबा पेपर खाली ठेवतील, आई पेपर उचलेल. नाही म्हटलं तर... नाही म्हणायचं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तिला एक शुक्रवारभर विचार हवा होता आणि बाहेर छापखान्याचा माणूस घड्याळ बघत होता.

तिने अकरावी ओळ सबंध पुसून कोरी ठेवली. दहाव्या ओळीत, रेघ-चांदणीपुढे, लिहिलं: ‘तापमानाची मर्यादा.’ पानं छापून दिली.

उत्तर दिलं नाही. ‘सांगते’ एवढंही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या शुक्रवारनंतरच्या शनिवारीही नाही, आणि मग जसजसे दिवस गेले तसतसं ते सांगणं अवघडच होत गेलं. सोमवारी परशुराम समोर आला आणि म्हणाला, “मॅडम, पुढच्या मॅन्युअलच्या सूचीचे शब्द तुम्ही देणार की मी देऊ?”

त्या ‘मॅडम’ने नीलाला जेवढं लागलं, तेवढं शिव्यांनीही लागलं नसतं. फ्लॉप्या येत राहिल्या. शेरे होते: ‘इथे तापमान वाचतो.’ ‘इथे हीटर बंद.’

“काय गं, भांडणं बंद झाली तुमची?” रतनने विचारलं. “आजारी आहेत का कुणी?”

*

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात डोंबिवलीच्या एका रंगकारखान्यातून फोन आला. त्यांच्याकडे नवीन कार्ड, नवीन मॅन्युअल, आणि माणूस सी जाणणारा. त्याने शेवटच्या प्रकरणातला सीचा नमुना अक्षर न् अक्षर उतरवून घेतला. पंच्याऐंशी अंशांना भोंगा व्यवस्थित वाजला. भोंगा वाजला म्हणजे हीटर बंद झाला, असं मॅन्युअल म्हणत होतं, म्हणून माणूस निवांत राहिला. हीटर चालूच होता. लाल रंगाची सबंध बॅच तपकिरी झाली. कुणाला इजा नाही, पण त्या तपकिरीला गिऱ्हाईक नव्हतं.

श्रीपाद साहेबांनी परशुरामला आत बोलावलं. दहा मिनिटांनी तो बाहेर आला, कोरा कागद घेऊन आपल्या टेबलाशी बसला.

रतन नीलाजवळ आली. आवाज अगदी खाली. “गेला म्हणून समज. दुपारी दोनपर्यंत राजीनामा लिहून दे, बोललेत साहेब. ‘रकाना तुमचा, तपासलात तुम्ही’ म्हणाले. आणि हा म्हणतो, हो, माझंच चुकलं. अगं, भांडला पण नाही.”

“चूक काय होती?”

“ते नाही सांगितलं त्याने. पान बघितलं, लगेच कळलं म्हणे, आणि गप्प बसला.”

नीलाने मॅन्युअल उघडलं. शेवटचं प्रकरण. तीन रकाने. बारावी ओळ, सीचा रकाना: हीटर बंद करण्याचा हुकूम. स्वच्छ छापलेला, कुणालाही दिसेल असा. मग यंत्राला का दिसला नाही?

तिने नजर वर नेली. अकरावी ओळ कोरी. दहावी: रेघ, चांदणी, तापमानाची मर्यादा. आणि पुढे... पुढे काही नाही.

नीला बेसिकमध्ये वाढलेली. बेसिकमध्ये ओळ संपली की शेरा संपतो. सीमध्ये संपत नाही. मिटल्याशिवाय तो मिटत नाही. दहाव्या ओळीत उघडलेला शेरा अकरावी ओलांडून गेला, बाराव्यातला हुकूम पोटात घेतला, आणि तेराव्यात भोंग्याचा छोटा शेरा होता त्याच्या चांदणी-रेघेपाशी जाऊन बंद झाला. माणसाला हुकूम दिसत होता. यंत्र मात्र ती सगळी टीप समजून ओलांडून गेलं.

मिटणारी चांदणी-रेघ अकराव्या ओळीत होती, प्रश्नचिन्हाच्या पुढे, आणि तिने ती प्रश्नासकट पुसली होती.

आणि परशुरामला हे पान बघताक्षणी कळलं होतं. तिथे काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? चूक कुणाची ते सांगायचं, तर प्रश्न काय होता तेही सांगावं लागणार. म्हणून त्याने कोरा कागद घेतला होता.

एक वाजून वीस मिनिटं. नीलाने खण उघडून ‘जुनं’ बाहेर काढलं. तिने अंदाज घेतला, तो नेहमीसारखाच चटकन. दाखवलं, तर न तपासता प्रोग्रॅमला हात लावला हे कबूल करावं लागणार आणि मार्चचं कायम होणं बुडणार. शिवाय पाच वाजेपर्यंत सगळ्या इस्टेटीला कळणार. न दाखवलं, तर तिचं काहीच जाणार नव्हतं. फक्त समोरचं टेबल रिकामं होणार होतं.

प्रिंटर सुरू झाला. तो असा करवतीसारखा आवाज करायचा की लपून काही छापणं अशक्य. परशुरामने मान वर केली.

“नीला,” तो म्हणाला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. “नको.”

“मला माझी चूक घेऊ दे,” ती म्हणाली. “तुला सवय लागेल नाहीतर.”

*

श्रीपाद साहेबांनी चष्मा वर सरकवून नवं पान जुन्याच्या शेजारी ठेवलं. दहाव्या ओळीवर बोट आलं. अकराव्यावर थांबलं. त्यांना सावकाश, एकेक अक्षर जुळवून वाचायची सवय होती.

“‘शुक्रवारी कोपरला... येशील? आईला भेटायला.’” त्यांनी वर पाहिलं. “हे काय आहे?”

“शेरा आहे, साहेब.”

“याचा कार्डाशी संबंध?”

“काही नाही. पण त्याच्या शेवटी चांदणी-रेघ होती. ती मी पुसली. तऱ्यांचा प्रोग्रॅम बरोबर होता. त्यांनी तपासला तोही बरोबर. नंतर मी हात लावला आणि पुन्हा चालवून पाहिला नाही.”

साहेबांनी दोन्ही पानं पुन्हा पाहिली. “ओळ का पुसलीत? नुसते शब्द बदलता आले असते.”

नीला काचेच्या पेपरवेटकडे बघत राहिली. “उत्तर सुचत नव्हतं.”

“हं.” साहेबांनी दोन्ही पानं बाजूला सारली. “आणि त्यासाठी त्या गृहस्थाचा लाल रंग तपकिरी केलात. बरं. आता सुचलंय का?”

“हो, साहेब.”

“मला सांगू नका.” त्यांनी दाराकडे आवाज दिला. “तरे, आत या. तो कागद घेऊन या.”

परशुराम आला. कागदावर तारीख आणि ‘माननीय’ एवढंच झालं होतं. अर्ध्या तासात तेवढंच.

“फाडा तो,” साहेब म्हणाले. “आणि दोघंही ऐका. ती बॅच आपण भरून द्यायची. तीनशेच्या तीनशे प्रतींत त्या जागी दुरुस्तीची पट्टी चिकटवायची, हाताने, तुम्ही दोघांनी. यापुढे मॅन्युअलमधला प्रत्येक नमुना छापायला जाणाऱ्या फाईलवरूनच यंत्रावर चालवायचा. तिन्ही भाषांतला. माझ्या प्रतीत चालला होता, हे मी ऐकून घेणार नाही. टिपणीस, तुमचं कायम होणं सप्टेंबरवर. आणि...” त्यांनी चष्मा काढला. “माझ्या कंपनीच्या फ्लॉप्या महाग आहेत. असे प्रश्न तोंडाने विचारत जा.”

बाहेर आल्यावर दोघं जिन्यात थांबली. खालून तापलेल्या सोल्डरचा वास येत होता.

“तू गप्प का बसलास?” नीलाने विचारलं.

“तू बसलीस म्हणून.”

“मी घाबरले होते.”

“मला वाटलं, नाही म्हणायचं जिवावर आलंय तुझ्या. मग कशाला उगाच... लोकांसमोर ते पान मांडून तुला आणखी —” त्याने हात हवेत फिरवला. बोलायला लागलं की त्याची वाक्यं अशीच अर्धी राहायची.

“परशुराम.”

“काय?”

“या शुक्रवारी. तीनच्या आत परत यायला हवं, आई शाळेतून येते.”

त्याने जिन्याचा कठडा घट्ट धरला, जणू तो हलत होता. “जेवून जाशील ना?”

“चोवीस अक्षरांत सांग, काय असेल जेवायला.”

“ते मावायचं नाही,” तो म्हणाला, आणि या वेळी चांगला आवाज करून हसला.

*

कोपरला परशुरामच्या आई मंजुळाबाई ओट्यावर बसून करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत होत्या. खाडीवरून गार वारा येत होता, आणि दोरीवर बोंबील झुलत होते. नीलाने वाकून नमस्कार केला. मंजुळाबाईंनी तिचा चेहरा हनुवटी धरून उजेडाकडे वळवला.

“तुना कुठंतरी बगलंय गो मी,” त्या म्हणाल्या. “आयस कोन तुजी?”

“हेमा टिपणीस. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो.”

मंजुळाबाईंचे हात थांबले. “टिपनीसबाय? जाड चश्म्याची? शालेतली?”

“...हो.”

“परश्या,” मंजुळाबाई आत बघत म्हणाल्या, “सगल्या डोंबिवलीत तुना हीच भेटली काय रे?”

प्रकरण असं होतं, की हेमाबाई टिपणीस बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी मासळीबाजारात जायच्या आणि सतरा वर्षं एकाच टोपलीपाशी थांबायच्या. सांगितलेल्या भावाच्या निम्म्याने सुरुवात. मग पापलेटच्या डोळ्यांवर टीका. मग निघून जाण्याचं नाटक, चार पावलं, कधी सहा. मंजुळाबाई हाक मारायच्या नाहीत आणि हेमाबाई वळून बघायच्या नाहीत, आणि तरी दोघींना ठाऊक असायचं की परत फिरणं कुठल्या पावलाला आहे. दोघींनाही या भांडणाइतकी मजा आठवडाभरात दुसऱ्या कशात येत नव्हती, पण हे दोघींपैकी कुणी कबूल केलं नसतं.

“वाईट नाय गो ती,” मंजुळाबाई जरा थांबून म्हणाल्या. “मासली वलखते. पन तरास लई देते. बस, जेव.”

घरी कळलं तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला आणि आईने उचलला, अगदी नीलाला वाटलं होतं तसंच. आठ दिवस हेमाबाई कुणाशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, “मुलगा काय करतो म्हणालीस?” आणि उत्तर पुरतं न ऐकता, “कोपरची मंजुळा? तिचा मुलगा? ती तर एक पैसा सोडत नाही,” हे अशा सुरात म्हणाल्या की बाबांनी पेपराआड हसून घेतलं. घरात चांगल्या माणसाला याहून मोठी पावती मिळायची पद्धत नव्हती.

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत लग्न झालं.

आता भरलं कुणी किती, ते पाहू. श्रीपाद साहेबांनी लाल बॅच भरून दिली, पण पुढच्या वर्षी तीन रकान्यांचं मॅन्युअल बघून दोन मोठी गिऱ्हाइकं आपण होऊन आली, तेव्हा त्यांचं फिटलं. नीलाचं कायम होणं सहा महिने लांबलं, आणि त्यातले तीन आठवडे पट्ट्या चिकटवण्यात गेले, ज्याबद्दल तिने कधी तक्रार केलेली कुणी ऐकली नाही. परशुरामचं एक ‘माननीय’ वाया गेलं. मंजुळाबाईंना सून मिळाली, तीही मासळी ओळखणाऱ्या घरातली.

हेमाबाई लग्नानंतरच्या पहिल्या बुधवारी पिशवी घेऊन बाजारात गेल्या. टोपलीपाशी थांबल्या, घसा साफ केला, एक पापलेट उलटंसुलटं केलं. मंजुळाबाईंनी भाव सांगितलाच नाही. उठल्या, चार सगळ्यात चांगली पापलेटं निवडून पिशवीत घातली, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, “घरचंच हाय, विहीनबाय.”

हेमाबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. पिशवी घेऊन त्या निमूट घरी आल्या, पापलेटं ओट्यावर ठेवली आणि बाबांना म्हणाल्या, “काही मजा राहिली नाही हो.”

सगळ्या प्रकरणात खरी झळ सोसली ती त्यांनी.